एका वक्ररेषेचं वजन

मनगटाचा जोरदार झटका देऊन धातूचा यो-यो खाली फेकला आणि दोरीच्या टोकाला पोचताना त्याचा वेग सेकंदाला तीन मीटर आहे असं धरू. वेग काही फार नाही. पण ही दोरी शेवटी ज्या बेअरिंगवरून उलगडते, त्याची त्रिज्या फक्त ६.३५ मिलिमीटर. तीन मीटरला ६.३५ मिलिमीटरने भागलं की उत्तर येतं सेकंदाला ४७२ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ४,५०० फेरे, सेकंदाला ७५. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. आकाशात १०५४ साली चिनी खगोलनिरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवला, त्याचा उरलेला गाभा आज क्रॅब नेब्युलाच्या मधोमध सेकंदाला सुमारे ३० फेरे घेतो. बोटाला दोरी बांधून सोडलेला हा धातूचा तुकडा त्याच्या अडीचपट वेगाने फिरतो आहे.

आता काठाकडे पाहू. यो-योचा व्यास ५४ मिलिमीटर असेल तर काठ ताशी ४६ किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि तोही एवढ्याशा वर्तुळात. त्या वर्तुळात टिकून राहायला काठावरच्या प्रत्येक कणाला लागणारं केंद्राभिमुख त्वरण गुरुत्वाच्या ६१३ पट भरतं. लढाऊ विमानाचा वैमानिक खास पोशाख घालून नऊ पटींपर्यंत तग धरतो. इथे सहाशे पटींचा ताण आहे, आणि तो निर्माण करायला माणसाच्या मनगटाखेरीज काहीही लागलेलं नाही.

ही आकडेमोड मांडण्याचं कारण असं की मला एका विशिष्ट यो-योबद्दल लिहायचं आहे. गोलसर, पूर्ण धातूचा, एकाच मिश्रधातूतून कातलेला, काहीही जास्तीचं नसलेला. काठाला पोलादी कडी नाहीत, पायऱ्या नाहीत, धारदार कोन नाहीत, नक्षी नाही. बाजूने पाहिलं तर एक सलग वक्ररेषा. हा आखायला सगळ्यात सोपा असेल असं वाटतं. मला तो सगळ्यात अवघड वाटतो. पायऱ्या आणि कडी असलेल्या आकारात एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी सावरून घेता येते. एकच रेषा असली की वजन, फिरण्याची ताकद, तळव्यातला स्पर्श, दोरीची वाट, सगळं तिच्यावरच ठरतं, आणि त्या रेषेतला दशांश मिलिमीटरही फिरताना प्रचंड मोठा होतो.

माप ठरवून घेऊ: व्यास ५४ मिलिमीटर, रुंदी ४२, वजन ६५ ग्रॅम. आज खेळले जाणारे बरेच धातूचे यो-यो याच्या आसपासचे असतात. कागदावर काढायचं ते अर्ध्या यो-योचं उभं छेदचित्र. ती आकृती आसाभोवती फिरवली की घनाकार तयार होतो. अशा आकाराचं घनफळ काढण्याचा नियम चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितीच्या नावाने ओळखला जातो: आकृतीचं क्षेत्रफळ गुणिले तिच्या गुरुत्वमध्याने फिरताना कापलेलं अंतर. यो-यो आखणाऱ्याला हा नियम रोज लागतो. कागदावर काठापाशी, आसापासून २६ मिलिमीटरवर, एक चौरस मिलिमीटरचा ठिपका वाढवला तर तो फिरून १६३ घन मिलिमीटरचं कडं होतो. ॲल्युमिनियममध्ये त्याचं वजन ०.४४ ग्रॅम. दोन्ही अर्ध्यांचं मिळून ०.८८. तोच ठिपका मध्याजवळ, ८ मिलिमीटरवर काढला तर त्याचे ०.१४ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. वजनात तिपटीचा फरक झाला. फिरण्याच्या हिशेबात तो याहून फार मोठा आहे, कारण फिरण्यातल्या जडत्वाच्या मापात, म्हणजे जडत्व आघूर्णात, अंतराचा वर्ग येतो. तिपटीहून जास्त वस्तुमान, आणि ते तिपटीहून जास्त अंतरावर: दोन्ही मिळून काठावरचा ठिपका यो-योच्या फिरत राहण्याला मध्याजवळच्या ठिपक्यापेक्षा ३४ पट हातभार लावतो. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेचा हा फरक.

मग सगळं वजन काठावरच का नेऊन ठेवू नये? इथेच गोल आकाराची खरी अडचण आहे. भरीव गोळ्याचं जडत्व आघूर्ण, वस्तुमान आणि त्रिज्येच्या वर्गाच्या हिशेबात, ०.४. सपाट चकतीचं ०.५. पातळ पोकळ गोळ्याचं ०.६७. सगळं वजन परिघावर असलेल्या कड्याचं १. स्पर्धेतले इंग्रजी व्ही अक्षरासारखे पसरलेले यो-यो या शिडीवर वर सरकायचा प्रयत्न करतात, कारण तिथे मधला भाग बारीक आणि काठ जड ठेवता येतो. गोलसर आकार मात्र खालच्या पायरीकडे घसरतो. गोल खांदा काढायचा म्हणजे काठाजवळचा धातू मध्याकडे ओढायचा. तो परत वर चढवायचा एकच मार्ग उरतो, आतून पोकळ करणं. बाहेरची रेषा डोळ्यांना दिसते, पण यो-यो चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी आतल्या पोकळीच्या रेषेवर ठरतं.

एवढा तोटा सोसून गोल आकार निवडायचा का? माझं उत्तर ठाम हो असं आहे, आणि त्याचाही हिशेब आहे. परत येणारा यो-यो तळव्यावर सेकंदाला तीन मीटर वेगाने आदळला आणि हाताने तो एका सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर हातावर सरासरी २९ न्यूटन बळ येतं, म्हणजे तीन किलो वजनाइतकं. हे बळ धारदार काठामुळे २० चौरस मिलिमीटरवर एकवटलं तर तळव्याला झोंबतं. गोल पाठीमुळे ३०० चौरस मिलिमीटरवर पसरलं तर दाब पंधरापट कमी होतो. तासन् तास खेळणाऱ्या हाताला ही पंधरापट कळते. शिवाय गोल यो-यो झेलताना बोटं नेमकी कुठे पडली हा प्रश्नच येत नाही, कोणत्याही कोनातून तो हातात सारखाच बसतो.

व्यास एका मिलिमीटरने वाढवून पाहावा असं आखणाऱ्याला नेहमी वाटतं. ५४ चे ५५. आकार तोच ठेवून सगळीच मापं त्या प्रमाणात वाढवली तर वजन घनाच्या प्रमाणात वाढतं: ६५ ग्रॅमचे जवळपास ६९. जडत्व आघूर्ण मात्र पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून जास्त. या पाचव्या घाताचं खरं रूप पाहायचं तर ओहायो राज्यातल्या ला रू या गावी जायला हवं. तिथे बेथ जॉन्सन यांनी बनवलेल्या यो-योची गिनेसने २०१२ साली नोंद केली: व्यास ३.६२ मीटर, वजन २,०९५.६ किलो, खेळायला क्रेन. आपला यो-यो तेवढा मोठा केला तर व्यास ६७ पट होतो, आणि त्याच आकारात ॲल्युमिनियमचं वजन साडेएकोणीस टन भरतं. जडत्व आघूर्ण वाढतं ते १३५ कोटी पट. एका दिशेला क्रेनने पेलायचा यो-यो आणि दुसऱ्या दिशेला आपल्या रेखाचित्रातला एक मिलिमीटर, दोघांनाही नियम तोच.

मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची गोष्टही अशीच. यो-योचा बाह्य पृष्ठभाग ढोबळमानाने त्याच त्रिज्येच्या गोळ्याएवढा धरला तर तो ९,१६० चौरस मिलिमीटर होतो. भिंतीची जाडी सगळीकडे ०.१ मिलिमीटरने, एका कागदाच्या जाडीने वाढली, तर अडीच ग्रॅम वाढले. पासष्टचे साडेसदुसष्ट. अनुभवी खेळाडू एवढा फरक हातात घेतल्या घेतल्या सांगतात.

धातूची निवड हीसुद्धा त्या जाडीचीच गोष्ट. ॲल्युमिनियमची घनता २.७, टायटॅनियमची साधारण साडेचार, स्टेनलेस स्टीलची ८ च्या जवळ. आपली रेषा जशीच्या तशी ठेवून स्टीलमध्ये कातली तर यो-यो १८० ग्रॅमच्या वर जाईल आणि बोट सुजेल. वजन ६५ वर आणायचं तर भिंत एक-तृतीयांश करावी लागेल, म्हणजे दोन मिलिमीटरच्या जागी ०.७. एवढी पातळ भिंत लेथवर कातताना हत्याराच्या दाबानेच थरथरते. म्हणूनच ६०६१ आणि ७०७५ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू या खेळात इतके रुळले. तरीही उधळपट्टी प्रचंड आहे. सव्वादोन इंची गोल बारमधून २२ मिलिमीटरचे दोन तुकडे कापले की त्यांचं वजन ३०० ग्रॅम होतं. तयार यो-योमध्ये बेअरिंग आणि आस वजा जाता धातू उरतो साधारण ६१ ग्रॅम. पाचातले चार भाग किसाच्या रूपात लेथखाली पडतात. सुदैवाने ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, ते खनिजापासून काढायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

यो-यो नेहमी असा कातून काढला जात नव्हता. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचं एक ग्रीक पात्र आहे, त्यावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. १७७० च्या सुमारास बुंदी किंवा कोटा इथल्या एका चित्रकाराने यो-यो खेळणारी स्त्री रंगवली. पण या खेळण्याचे आकडे डोळे फिरवणारे झाले ते विसाव्या शतकात. फिलिपिन्सहून अमेरिकेत आलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे कारखाना काढला. त्यांच्या यो-योची दोरी आसाला घट्ट बांधलेली नसे, तिचा फास आसाभोवती सैल असे. त्यामुळे यो-यो खाली पोचला की परत न येता तिथेच फिरत राहू शके. वर्षभरात त्यांच्या कारखान्यांमधून दिवसाला तीन लाख यो-यो बाहेर पडू लागले. पुढे डोनाल्ड डंकन यांनी हा व्यवसाय विकत घेतला. त्यांच्या कंपनीने १९४६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या छोट्या गावी उभारलेला कारखाना मेपलच्या लाकडाचे तासाला ३,६०० यो-यो बनवत असे, सेकंदाला एक.

१९६२ या एका वर्षात डंकन कंपनीने साडेचार कोटी यो-यो विकले. सेकंदाला एक या गतीने, रात्रंदिवस, एकही सुटी न घेता साडेचार कोटी बनवायचे तर ५२० दिवस लागतात. प्रत्येकाला एक मीटर दोरी धरली तर ४५ हजार किलोमीटर दोरी: विषुववृत्ताला पूर्ण वेढा घालून जवळपास पाच हजार किलोमीटर उरते. आता तेवढेच यो-यो आपल्या रेषेने, एका सीएनसी लेथवर कातायचे ठरवू. दोन अर्ध्यांना मिळून वीस मिनिटं धरू. दीड कोटी तास होतात, म्हणजे १,७०० वर्षांहून जास्त. वाकाटक राजांच्या काळात लेथ सुरू केला असता तर आत्ता कुठे काम संपत आलं असतं. मागणीचा तो पूर डंकन कंपनीलाही पेलला नाही. जादा कामाचा आणि जाहिरातींचा खर्च वाढला, १९६५ मध्ये न्यायालयाने 'यो-यो' या नावावरचा तिचा हक्क काढून घेतला, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली.

लाकडी आसावर दोरी घासत असताना यो-यो मिनिटभर फिरत ठेवणं ही मोठी कामगिरी होती. ते चित्र बेअरिंगने पालटलं. स्वीडनच्या एसकेएफ या बेअरिंग कंपनीने १९८४ मध्ये बेअरिंगचा यो-यो काढला. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कुन यांनी एसबी-२ हा ॲल्युमिनियमचा, बॉल बेअरिंगवर फिरणारा यो-यो आणला. आज सर्रास वापरलं जाणारं बेअरिंग पाव इंच छिद्राचं, अर्धा इंच बाह्य व्यासाचं आणि ४.७६ मिलिमीटर रुंदीचं असतं, आणि आत आठ किंवा दहा चिमुकल्या पोलादी गोळ्या. आता दोरी आसाला शिवतच नाही. आपला यो-यो ४,५०० फेऱ्यांपासून हळूहळू मंदावत पाच मिनिटांत थांबला असं धरलं तर तेवढ्यात तो सुमारे ११ हजार फेरे घेतो आणि त्याच्या काठाने जवळपास दोन किलोमीटर अंतर कापलेलं असतं. हाँगकाँगच्या सी-थ्री यो-यो डिझाइनचा यो-यो एकाच फेकीत ३० मिनिटं २८.३० सेकंद फिरत राहिल्याचा विक्रम गिनेसने नोंदवला आहे.

ही सगळी ऊर्जा कुठे साठलेली असते? आपल्या यो-योचं जडत्व सपाट चकतीएवढं धरू. ४,५०० फेऱ्यांना त्याच्या फिरण्यात २.६ जूल असतात आणि खाली जाण्यात जेमतेम ०.३. फिरण्यातल्या ऊर्जेवर तो यो-यो सरळ चार मीटर वर उचलता आला असता. हात स्थिर ठेवून नुसता सोडला तरी हीच वाटणी दिसते: एक मीटर खाली आल्यावर त्याचा वेग सेकंदाला फक्त १.४ मीटर असतो, दगड असता तर ४.४ झाला असता. गुरुत्वाने दिलेल्या ऊर्जेतले दहातले नऊ भाग फिरण्याने गिळलेले असतात.

१९८५ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी यानात अंतराळवीर डेव्हिड ग्रिग्ज यांनी यो-यो खेळून पाहिला. तिथे तो अगदी संथपणे फेकता येतो, कारण खाली पडण्याचा प्रश्नच नाही. पण टोकाला जाऊन तिथेच फिरत राहणं मात्र जमत नाही. दोरी ताणून धरायला वजन लागतं, ते नसलं की यो-यो लगेच परत येतो. अंतराळयानांच्या कामी मात्र यो-योची युक्ती गंभीरपणे येते. २००७ मध्ये लघुग्रहपट्ट्यातल्या व्हेस्टा आणि सेरेसकडे निघालेलं डॉन यान शेवटच्या रॉकेटसह मिनिटाला ४६ फेरे घेत होतं. सुमारे १२ मीटर लांबीच्या दोन तारांच्या टोकांना बांधलेली, प्रत्येकी १.४ किलोची दोन वजनं सोडली गेली. ती बाहेर उलगडत गेली, फिरण्याचा वेग सोबत घेऊन गेली, आणि १,४०० किलोंहून जड असलेला तो सगळा पसारा मिनिटाला ३ फेऱ्यांवर आला. बाहेर टाकलेलं वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या अवघं ०.२ टक्के. काठावरच्या एका ग्रॅमची मध्याजवळच्या दहा ग्रॅमशी बरोबरी होते, तोच हा नियम, १२ मीटर त्रिज्येवर.

आता परत लेथकडे, कारण सगळ्यात लहान आकडे तिथे आहेत. यो-योचे दोन अर्धे ४ मिलिमीटरच्या आट्यांच्या स्क्रूने जोडलेले असतात, पण त्यांना एका रेषेत ठेवतं ते बेअरिंगचं आसन: दोन्हीकडून बेअरिंगच्या छिद्रात शिरणारा ६.३५ मिलिमीटरचा छोटा खुंट. तो सैल असेल तर दोन अर्ध्यांचे आस किंचित सरकतात. यो-योचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या आसापासून १० मायक्रॉन, म्हणजे ०.०१ मिलिमीटर सरकला असं धरू. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ असतं, त्याच्या निम्मं. एवढ्याशा विचलनाने ६५ ग्रॅमच्या यो-योत सेकंदाला ७५ वेळा दिशा बदलणारं, १५ ग्रॅम वजनाइतकं बळ उभं राहतं. सगळं दोरीवर येत नाही, कारण टांगलेला यो-यो स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीच फिरायला बघतो. पण बेअरिंग थरथरतं आणि ती थरथर दोरीवाटे बोटापर्यंत येते. बोटाच्या टोकातल्या कंप ओळखणाऱ्या चेतापेशी सेकंदाला अडीचशेच्या आसपासच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतात, तरी ७५ चा कंपही त्यांना चुकत नाही. खेळाडू डोळे मिटूनही सांगतो की हा यो-यो थरथरतो आहे.

याच हिशेबामुळे आपल्या यो-योवर नाव कोरायचं की नाही हा प्रश्न केवळ आवडीचा उरत नाही. एका बाजूला, आसापासून २० मिलिमीटरवर, ३० चौरस मिलिमीटर जागेत ०.१ मिलिमीटर खोल अक्षरं कोरली तर ८ मिलिग्रॅम धातू जातो आणि गुरुत्वमध्य अडीच मायक्रॉन सरकतो. जोडणीतल्या साऱ्या चुकांसाठी आपण दहा मायक्रॉनच धरले होते, त्यातला पाव हिस्सा एका नावाने खाल्ला. लेसरने फक्त वरचा रंगाचा थर, साधारण १० मायक्रॉनचा, काढला तर सरक दहापट कमी होते. मी तेवढीही परवानगी देणार नाही. नाव डबीवर छापता येतं.

तो रंगाचा थर म्हणजे ॲनोडायझिंग, ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड. साधारण निम्मा थर धातूच्या आत वाढतो आणि निम्मा बाहेर. थर १० मायक्रॉनचा असेल तर प्रत्येक पृष्ठभाग ५ मायक्रॉनने फुगतो आणि खुंटाचा व्यास १० मायक्रॉनने वाढतो. लेथवर अचूक ६.३५ कातलेलं आसन रंगवून आल्यावर ६.३६ होतं आणि बेअरिंग त्यावर अडकून बसतं, मग ते पक्कडीने ओढून काढावं लागतं. म्हणून सगळी वक्ररेषा पुरी झाल्यावर ड्रॉइंगवर आसनापुढे माप लिहायचं ते असं: कातताना ६.३४, ॲनोडायझिंगनंतर ६.३५.